शेवटची ओळ

“आजही शेवटची ओळ गिळलीस?” प्रार्थना संपली की मी बायकोवर खेकसायचो.

मी नगरचा प्रॉटेस्टंट, फिलोमिना वसईची कॅथलिक. लग्नानंतर ती माझ्या चर्चमध्ये आली, पण रोज संध्याकाळी गोधडीवर माझ्या शेजारी गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत’ या शेवटच्या ओळीशी तिचे ओठ मिटायचे.

“अहो, प्रभूनं एवढीच शिकवली. ती ओळ तुमच्या लोकांनी मागाहून जोडलीय.”

“जोडली नाही, तुमच्या लोकांनी गाळली!” मग ती ओळ मी एकटाच, मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो. एकेचाळीस वर्षं हेच चाललं.

तिला मूठमाती देऊन आलो, त्या संध्याकाळी गोधडीवर तिची बाजू मोकळी ठेवून गुडघे टेकले. शेवटच्या ओळीशी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबलो. म्हटलं, आज तरी तिच्या मनासारखं होऊ दे.

आमेन म्हणणार, तेवढ्यात गोधडीची तिची बाजू दबली. तिच्या आवाजात ती ओळ ऐकू आली, सावकाश, एकही शब्द न गाळता. मान वळवायचा धीर झाला नाही.

“अहो, आज तुम्ही गिळलीत?”