सासूबाईंच्या कानातला सेल

"शुक्रवारपर्यंत तुमचा एक तरी सेल टिकलेला दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं," असं संचालकांनी ठणकावलं, तेव्हा संशोधकाने सरळ सासूबाईंनाच तिथे आणून बसवलं.

बावीस वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे लागला होता: कानाच्या मशीनमधला, हवेवर चालणारा, बटणाएवढा सेल. वरचा पिवळा स्टिकर सोलला की हा सेल श्वास घ्यायला लागतो, आणि संपायलाही. दुकानातला पंधरा दिवस पुरतो. याचे सेल नवव्याच दिवशी मान टाकायचे. फक्त सासूबाईंना दिलेला तेवढा सात महिने ठणठणीत होता!

तशा सासूबाई त्याच्या हक्काच्या. बायकोसमोर उसना आव आणावा लागायचा. सासूबाई मशीन टेबलावर काढून भाजी निवडत बसल्या, की हा शेजारी टेकायचा आणि मन मोकळं करायचा. "एकच वर्ष मिळायला हवं होतं, आई." सासूबाई शेंगा सोलत राहायच्या.

"आई, आता सगळं तुमच्यावर!" प्रयोगशाळेत तो सवयीने त्यांच्या कानाशी ओरडला.

"ओरडता काय, जावईबापू? मशीन घातलंय ना."

मशीन तपासायला संचालक दहा पावलं मागे गेले आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "या माणसाचं करायचं तरी काय?"

"आणखी एक वर्ष द्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि जेवायला वेळेवर घरी पाठवत जा. पार वाळलाय."

संचालक तीनताड उडाले. वर्ष जागेवर मंजूर झालं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मशीन टेबलावर काढून ठेवलं आणि त्या स्वयंपाकघरात भांडी लावायला गेल्या. सेलमध्ये अजून किती जीव उरलाय ते मोजावं, म्हणून संशोधकाने मशीनचं झाकण उघडलं.

सेलवर पिवळा स्टिकर जसाच्या तसा होता. वर त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आई, हा आधी सोला.'

"मेलो," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"हळू, जावईबापू," स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझी लेक ऐकेल."