बिनकमानीचा ट्रॅक्टर

"हाच बरा आहे," नवरा म्हणाला आणि त्याने कमान कापलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली.

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. दुकानाच्या आवारात दोन छोटे ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते. ताकद सारखीच. दोन्ही त्यांच्या घराच्या फाटकातून सहज आत जाणारे, दोन्हींच्या पोटाखाली गवत कापायचं यंत्र बसणारं. एक कोरा करकरीत. त्याच्या सीटमागे जाड लोखंडी कमान होती, सीटला स्प्रिंग होती, पट्टा होता. दुसरा कुणीतरी वापरून परत आणून टाकलेला. त्याची कमान मुळापासून कापलेली. सीट म्हणजे नुसता पत्रा आणि त्यावर गोणपाट.

विक्रेत्याने पुन्हा समजावून सांगितलं. ट्रॅक्टर उलटला तर वजन कमानीवर येतं, पट्टा बांधलेला माणूस आतल्या जागेत वाचतो. जुना फक्त सपाट मैदानासाठी ठेवलाय, तुमच्याकडे उतार आहे का, असं त्याने विचारलं. घरामागचा तुकडा थेट नाल्याकडे घसरत गेला होता. नवरा म्हणाला, उतार म्हणजे काय डोंगर नाही. एवढ्याशा जागेला एवढा थाट कशाला? शिवाय शेडचं दार बुटकं, कमान अडेल. कमान आत नेताना दुमडता येते, विक्रेता म्हणाला. त्यावर नवरा हसला. रोज उठून ती दुमडत कोण बसणार?

तिला काही उमगेना. हा माणूस फाटकाबाहेर पडायच्या आत गाडीचा पट्टा बांधायचा. न्हाणीघरात भिंत धरून चालायचा. जेवताना पाठीला उशी नसेल तर घास गिळायचा नाही. स्वतःच्या जिवाला असा फुलासारखा जपणारा माणूस त्या पत्र्यावर बसून उतारावर जायचं म्हणतो, म्हणजे आज याला झालंय तरी काय?

विक्रेत्याने हात टेकले. घेणारच असाल तर निदान सीट तरी मागेपुढे करून देतो, म्हणाला. पाय ब्रेकपर्यंत नीट पोचायला हवेत. चालवणाऱ्याची उंची किती?

"हिचा भाऊ चालवेल," नवरा म्हणाला. "मी कशाला बसतोय त्याच्यावर?"

अगदी सहज म्हणाला. आणि बोटाला लागलेलं ग्रीस पुसायला त्याने तिच्याकडे रुमाल मागितला.

तिला त्याची शिसारी आली. दुपारच्या उन्हात डिझेलचा वास होताच, पण ही शिसारी त्या वासाची नव्हती. घर तिच्या वडिलांचं, मागचा तुकडाही त्यांचाच. धाकट्या भावाने आपला हक्क मुकाट्याने सोडून दिला होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने फक्त मागची खोली मागितली, तीही भीत भीत. तेव्हापासून टाकी साफ करायला आत तो उतरायचा, विजेच्या तारेवर पडलेली फांदी तो काढायचा. छपराचे पत्रे बदलायला तोच चढला होता. नवरा खाली एका हाताने शिडी धरून फोनवर गप्पा मारत होता. पाहुण्यांसमोर मात्र म्हणायचा, मेहुणा म्हणजे माझा उजवा हात.

आणि आपण? आपण अंगणातून "सावकाश रे" म्हणालो आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेलो. तिला स्वतःचीही किळस आली. इतकी वर्षं हे सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं. आपण त्याला संसार म्हणत होतो.

तिने रुमाल दिला नाही.

"चालवून तर बघा," ती म्हणाली. "मागे भराव आहे की त्यांचा. तिथला उतार आपल्यासारखाच दिसतो."

विक्रेता घुटमळला. त्याने एकवार तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, फक्त कडेपर्यंत न्या, खाली उतरवू नका. पलीकडे आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती आता इकडेच बघत होती. नवऱ्याला नाही म्हणता येईना. त्याने शर्ट सावरला, गोणपाट झटकलं आणि तो वर चढला.

सपाट जागेवर तो ऐटीत गेला. एक हात सोडून चालवूनही दाखवलं. मग भरावाची कड आली. पुढची चाकं खाली झुकली, ट्रॅक्टर जरासा कलला, आणि नवऱ्याचा डावा हात झटकन पाठीमागे गेला. धरायला तिथे काहीच नव्हतं. हात हवेत चाचपडत राहिला. त्याने करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, आणि आपण उतरताना कसे दिसतो याची फिकीर न करता कसाबसा खाली उतरला. ट्रॅक्टर तिथेच सोडून तो चालत आला. ओठ पांढरे पडले होते. विक्रेत्याचा माणूस ट्रॅक्टर मागे घ्यायला धावला.

"मला काय वेड लागलंय?" तो तिच्यावर खेकसला. "उलटला असता म्हणजे?"

तो स्वतः काय बोलला ते त्याच्याच कानांनी ऐकलं नाही. तिने वाट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का, निदान आता तरी, ते नीट निरखून पाहिलं. तो कपाळाचा घाम टिपत होता आणि आपली बोटं धड आहेत ना ते बघत होता.

ती विक्रेत्याकडे वळली.

"नवा द्या," ती म्हणाली. "आणि सीट यांच्या मापाने लावा."