पाठीची बटणं

"जरा ताठ उभी राहा गो शकू, सगळी बटणं पाठीला, बोटं दुखतात माझी," आई रोजच्यासारखी कुरकुरली. बाबांची बहीण शकूआत्या, बुद्धीने लहान मुलासारखीच राहिलेली, पन्नाशीतही वहिनीकडूनच गाऊन चढवून घ्यायची. त्यांची लेक सुरुची विद्यापीठात विशेष मुलांना शिकवण्याचं बीएड करत होती. उद्याच्या पाठाच्या सरावासाठी तिने चौकटीवर ताणलेलं बटणांचं कापड आत्याच्या मांडीवर ठेवलं. "तिच्या डोक्यात नाय शिरणार," आई म्हणाली. सुरुचीने बटण अर्धं काजात सरकवलं. उरलेलं आत्याने ओढलं. संध्याकाळच्या चहापर्यंत तिने एक बटण एकटीने लावलं आणि टाळ्या पिटल्या. "मग हिच्या गाऊनला बटणं पुढे का नाहीत?" सुरुचीने विचारलं. "लालबागचा शिंपीच तसं शिवतो," आई पुटपुटली. बाबांनी पेपर खाली ठेवला. "शिंप्याला मीच सांगितलेलं. पाहुण्यांसमोर गाऊन काढेल म्हणून. शिकवायला हवं होतं हिला. पण आपल्याला हिची लाज वाटायची."