सकाळी चार, संध्याकाळी चार

"इतक्या टापटीप नोंदी मी कुठे पाहिल्या नाहीत," तपासनीस साहेब वहीची पानं उलटत म्हणाले. "हा एक नऊ तेवढा डोळ्यांत खुपतोय."

औषधांच्या गोदामातल्या थंड खोलीची ती वही. तापमान आठाच्या वर गेलं की मुलांच्या लशी वाया. पानोपानी चार, चार, चार, भांडारपाल भाऊंच्या सुबक अक्षरात. नऊ मात्र आज सकाळचा, महिन्यापूर्वी लागलेल्या बाईंच्या हातचा.

व्यवस्थापकांनी पेन पुढे केलं. "बाई, शेजारी 'नजरचुकीने' असं लिहून टाका, विषय संपला. उद्या माल दवाखान्यांत जायचाय. आणि तुम्हाला कायम करण्याचा कागद अजून माझ्याच टेबलावर आहे."

"पण साहेब, मी नऊच पाहिला."

"एवढ्या वर्षांत कुणाला दिसला नाही तो!"

बाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ चष्मा पुसायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनीच काम समजावलं होतं, "सकाळी चार, संध्याकाळी चार. अक्षर तेवढं नीट काढा, ताई." बाई हसल्या होत्या. आणि आज सकाळी घरच्या घड्याळातले सेल आणून बाईंनीच ते खोलीतल्या तापमापकात घातले होते. काचेवर आकडा उमटला. भाऊंनीही तो पाहिला होता. मग त्यांनी जुने सेल उचलून खणात टाकले होते.

बाईंनी पेन हातात घेतलं. टोक कागदाला टेकलं.

"थांबा, ताई."

भाऊंनी खण ओढला आणि दोन सेल उघड्या वहीवर ठेवले. अंगावर पांढरा थर चढलेले, टोकं गंजलेली.

"हे आत होते, साहेब. कधी संपले, देवाला ठाऊक. मी बघतच नव्हतो. सगळे चार माझ्या मनचे. पाहून लिहिलेला तो एकटा नऊ."

"भाऊ, शुद्धीवर आहात ना?" व्यवस्थापक ओरडले.

तपासनीसांनी कपाटातून मागच्या वर्षाची वही काढली. मग तिच्या मागची, मग आणखी मागची. शाई बदलली, अक्षर बदललं. चार तसाच राहिला.

"हे कुणाचं?"

"मला काम शिकवलं, त्यांचं," भाऊ म्हणाले. बराच वेळ त्यांनी त्या पानावरून बोट फिरवलं. "बघा ना साहेब, माझ्याहून किती वळणदार."