अर्धी मिशी

पैज लागली ती मिशीवर. न्हावी म्हणाला, शिंपीमामा उद्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत कम्युनियनची पवित्र भाकर घेणार. गॅरेजवाला म्हणाला, नाही घेणार. जो हरेल त्याची अर्धी मिशी चर्चच्या पायऱ्यांवर उडवायची, सगळ्यांदेखत. न्हाव्याची मिशी म्हणजे दुकानाचा चालता-बोलता बोर्ड, आणि गॅरेजवाल्याची म्हणजे झिजलेला टूथब्रश. हा सौदा कुणाला महागात पडेल, यावर दुकानात बराच वेळ खिदळणं चाललं.

मतदान त्याच सकाळी झालं होतं. पोटुशी बाई दगावायला आली तर गर्भ काढून तिला वाचवायची मुभा कायद्याने डॉक्टरांना द्यायची की नाही, एवढंच विचारलं होतं. फादरनी वेदीवरून बजावलं होतं, 'हो' म्हणणाऱ्याने आधी कन्फेशनला यायचं, पश्चात्ताप करायचा, मगच कम्युनियनला हात पुढे करायचा.

मत गुप्त असतं. पण मामा तोंडाला साबण फासलेला असताना आरशात बघून सांगून गेले होते, की मी 'हो' म्हटलंय. त्यांची एकुलती एक पोर गेल्या वर्षी दवाखान्यात गेली. पोटातलं जगणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं, पण त्याचे ठोके चालू होते, म्हणून सगळे हात बांधून थांबले. ठोके बंद पडले तोवर तिचंही काही उरलं नव्हतं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, म्हणूनच ते घेणार नाहीत. न्हावी म्हणाला, लेका, फादरच्या अंगावरचा झगा त्यांनी शिवलाय, एक रविवार चुकला नाही त्यांचा, उद्या चुकेल होय?

रविवारी न्हावी मुद्दाम मामांच्या पाठीमागे रांगेत घुसला. मामा ओंजळ धरून पुढे सरकत होते. न्हाव्याने वळून गॅरेजवाल्याला डोळा मारला आणि मिशीवर ताव दिला.

मामांची पाळी आली.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

मामा 'आमेन' म्हणेनात. फादर जरा वाकले आणि अगदी हळू बोलले, "मामा, मी काही विचारलंय का तुम्हाला? घ्या."

"तुम्ही नाही विचारलंत," मामा म्हणाले. "पण मला पश्चात्ताप होत नाही, फादर. मग कुठल्या तोंडाने घेऊ?"

त्यांनी ओंजळ मोडली आणि दोन्ही हात छातीवर आडवे घेतले. ज्यांना अजून कम्युनियन मिळत नाही ती बारकी पोरं घेतात तसे, नुसत्या आशीर्वादासाठी. फादरनी त्यांच्या कपाळावर क्रूस काढला. मामांनीच टीप घातलेली ती बाही त्यांच्या डोळ्यांवरून सरकली.

न्हाव्याची पाळी आली, तेव्हा तो 'आमेन' म्हणाला, भाकर तोंडात घेतली आणि गॅरेजवाल्याकडे न बघता जागेवर जाऊन बसला.

बाहेर आल्यावर गॅरेजवाला म्हणाला, जाऊ दे रे, मरू दे ती पैज. पण न्हावी पायरीवर बसला, स्वतःच तोंडाला फेस लावला आणि स्वतःचाच वस्तरा त्याच्या हातात दिला. लोक जमले. कुणी म्हणालं, डावी काढ, कुणी म्हणालं, उजवी, एक म्हातारी म्हणाली, बायकोला विचारा आधी. गॅरेजवाल्याने नटबोल्ट खरवडावा तशी अर्धी बाजू साफ केली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मामा बाहेर आले. हसणं आपोआप खाली बसलं.

"हे काय सोंग रे?" मामांनी विचारलं.

"पैज हरलो, मामा."

"कशावर?"

न्हावी दुकानात दिवसभर थापा मारायचा. आता एकही सुचली नाही.

"तुमच्यावर. मी म्हणालो होतो, मामा घेणार."

मामांनी खिशातून रुमाल काढला. खाली वाकून त्याच्या हनुवटीवर ओघळलेला फेस नीट पुसला.

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले.