डोळ्यांदेखत

मसाई माराच्या गवतात चित्त्याच्या मादीने हरणाला खाली पाडलं, तेव्हा हेमकांत गुप्त्यांचा कॅमेरा सारखा खटखटत होता. जीपमध्ये शेजारी बसलेल्या शाल्मलीने मात्र डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“आयुष्यभर याच फोटोची वाट पाहिली!” म्हणत त्यांनी साक्षीचा कागद तिच्यापुढे धरला. “कर सही.”

यंत्रं हवी तशी चित्रं बनवू लागल्यापासून, नेमलेल्या साक्षीदाराने ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ असं लिहून दिल्याशिवाय फोटो कुणी खरा मानत नसे.

“मी पाहिलं नाही, काका. या वर्षातली ही चाळिसावी शिकार. आता नाही बघवत.”

“अगं, कुणाला कळणार आहे?”

“तुम्हाला कळलंय की.”

हेमकांतांनी कागद मागे घेऊन पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “बरं, आता तरी बघ. पिल्लं आलीत.”

शाल्मलीने थकलेले डोळे उघडले. तीन पिल्लं तोंडं माखून, एकमेकांना ढकलत खात होती. आई बाजूला नुसती धापा टाकत पडली होती. तिच्यात खाण्याचंही त्राण उरलं नव्हतं. शाल्मलीची नजर तिच्यावरून हलेना.

“हिचा काढा,” ती म्हणाली. “त्यावर सही करते.”