दारातून दिलेलं मत

माझा थोरला सर्जन झाला, पण बायकोशी बोलायची रीत काही शिकला नाही. सून त्याच्याच हॉस्पिटलात बिलं करते. काल जेवताना तिनं विचारलं, "त्या बाईंचं ऑपरेशन चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी तुमचं मत विचारायला बोलावलं, तेव्हा हात धुऊन टेबलापाशी गेलात, की दारातूनच बघितलंत?" "दारातूनच. पण ऑपरेशनमध्ये मदत केली असं लिही, पैसे जास्त मिळतात." "न केलेलं मी लिहिणार नाही." "मग नोकरी सोड आणि घरी बस!" तो खेकसला. तिचा घास हातातच राहिला. माझं डोकंच फिरलं. "ती उद्या कामावर जाणारच," मी त्याला सुनावलं. "आणि तू ऐक, शहाण्या. तुझ्या वेळी मी कळा देत होते, तेव्हा आळीतल्या साऱ्या बायका दारातून सल्ले देऊन गेल्या. सुईणीचे पैसे मात्र एकीनंही मागितले नाहीत!"